दोन शब्दांचें एक नांव



भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत डोंगरी बुजुर्ग नांवाचें एक गांव आहे. तेथील मँगॅनीजच्या उघड्या खाणीमुळें तें जिल्ह्याबाहेरही पुष्कळांना ठाऊक आहे. ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर, वडील. देशावरील गांवांच्या नांवांपुढें जो ‘बुद्रुक’ शब्द येतो, तो याच फारसी शब्दाचें बदललेलें रूप होय. गांव एक, नांव एक. परंतु लिहितांना शब्द मात्र दोन. माणसाला यांत कांहीं अडचण पडत नाहीं. पण हेंच नांव संगणकांतील एका विशिष्ट यंत्रणेच्या हातीं दिलें, आणि देतांना एक लहानशी खबरदारी घेतली नाहीं, तर ती यंत्रणा ‘डोंगरी’ हें एक गांव व ‘बुजुर्ग’ हें दुसरें, असें समजून बेधडक कामाला लागते. ही खबरदारी म्हणजे अवतरणचिन्हें. त्यांविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

तारेचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना हा प्रकार अगदींच अपरिचित वाटणार नाहीं. आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. पण तोंवर तारघरांतील कारकून मजकुराचा अर्थ पाहत नसे, शब्द मोजीत असे. दोन शब्दांमध्यें मोकळी जागा दिसली कीं एक शब्द संपला, हा त्याचा हिशेब. आपण जिला यंत्रणा म्हणत आहों ती याच कारकुनाची सख्खी बहीण होय. फरक इतकाच कीं कारकुनाला विचारलें असतां तो एखादें नांव ओळखीत असे, ती ओळखीत नाहीं.

आपल्या स्वतःच्या लेखनाचा इतिहासही येथें आठवण्यासारखा आहे. मोडी लिहिणारा प्रथम कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि तिच्याखालीं अक्षरें सलग लिहीत जाई. शब्द सुटा करण्याची चाल नव्हती, स्वल्पविराम नव्हता, अवतरणचिन्ह तर नव्हतेंच. कोठें थांबावयाचें आणि कोठें एक शब्द संपून दुसरा सुरू होतो हें वाचणारा अर्थावरून ठरवी. विरामचिन्हें आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत छापखान्याच्या आणि इंग्रजी व्याकरणाच्या संगतीनें आलीं. मराठींत त्यांची व्यवस्था लावण्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलें जातें. तात्पर्य, अवतरणचिन्हांवांचून आपण शतकानुशतकें काम चालविलें. कारण वाचणारा माणूस होता. वाचणारें यंत्र झालें कीं ती सवलत संपते.

आतां ही यंत्रणा कोणती तें सांगतों. तिचें नांव ‘शेल’. शेल म्हणजे टरफल, कवच. संगणकाच्या आंतील मूळ कारभार ज्या भागाकडे असतो त्याला ‘कर्नल’ म्हणजे दाणा म्हणतात. आणि त्या दाण्याभोंवतीं बसून माणसाच्या आज्ञा ऐकणारें आवरण तें शेल. भाताच्या जिल्ह्यांतील माणसाला हें रूपक समजावून सांगावें लागत नाहीं; तूस आणि तांदूळ यांचें नातें त्याच्या अंगवळणीं पडलेलें आहे. ‘युनिक्स’ ही संगणकव्यवस्था अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत निर्माण झाली. तिचें पहिलें शेल केन थॉम्प्सन यांनीं १९७१ सालीं केलें, आणि आज जें रूप सर्वत्र प्रमाण मानलें जातें त्याचा पाया स्टीफन बोर्न यांच्या १९७९ सालच्या शेलनें घातला. म्हणजे हा नियमांचा संच जवळजवळ अर्ध्या शतकाचा जुना आहे, आणि जगांतील असंख्य संगणक अजून त्यावरच चालतात.

शेलला आज्ञा द्यावयाची ती ओळीनें शब्द लिहून. पहिला शब्द क्रियेचा; पुढचे शब्द ती क्रिया कशावर करावयाची हें सांगणारे. ‘काढून टाक, अमुक, तमुक’ असें लिहिलें कीं अमुक आणि तमुक या नांवांच्या दोन फाइली काढून टाकल्या जातात. शब्द कोठें तुटतो हें मोकळ्या जागेवरून ठरतें. प्रत्येक वेळीं नांव हातानेंच लिहावें लागूं नये म्हणून शेलमध्यें डबीची सोय आहे. डबीला नांव द्यावयाचें, तिच्यांत मजकूर ठेवावयाचा, आणि पुढें डॉलरचें चिन्ह लावून डबीचें नांव घेतलें कीं त्या जागीं आंतला मजकूर येऊन पडतो. मेख आहे ती येथेंच. मजकूर येऊन पडल्यावर शेल त्याची पुन्हा तपासणी करतें आणि त्यांत मोकळी जागा आढळली तर त्याचे तुकडे पाडतें. डबींत ‘डोंगरी बुजुर्ग’ ठेवलें होतें. बाहेर दोन शब्द आले. आज्ञा ‘काढून टाक’ अशी असेल, तर ‘डोंगरी’ नांवाची जी दुसरीच एखादी फाइल असेल तिचा फुकट बळी जातो.

हा केवळ तर्क नव्हे. नोव्हेंबर २००१ मध्यें ॲपल कंपनीनें आपल्या संगणकांसाठीं ‘आयट्यून्स’ या संगीताच्या आज्ञावलीची दुसरी आवृत्ति प्रसिद्ध केली. ती बसविणाऱ्या शेलच्या आज्ञावलींत जुनी प्रत काढून टाकण्याची एक ओळ होती, आणि त्या ओळींतील डबीला अवतरणचिन्हें घातलेलीं नव्हतीं. ज्यांच्या डिस्कच्या नांवांत मोकळी जागा होती अशा कित्येकांची सर्व सांठवण त्या एका ओळीनें पुसली गेली. कंपनीला ती आवृत्ति तातडीनें मागें घेऊन दुरुस्त आवृत्ति द्यावी लागली. उणें काय होतें? दोन अवतरणचिन्हें.

या चिन्हांचे प्रकार दोन, आणि त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. एकेरी चिन्हांमध्यें जें लिहावें तें अक्षरशः तसेंच राहतें. डॉलरचें चिन्ह तेथें डॉलरचें चिन्हच असतें, त्याला कोणताही गुप्त अर्थ उरत नाहीं. हा लाखेनें बंद केलेला लखोटा समजावा. दुहेरी चिन्हांमध्यें डबी उघडते, आंतला मजकूर बाहेर येतो. पण त्याचे तुकडे होत नाहींत. म्हणजे कापडी पिशवी: आंत काय आहे तें चांचपतां येतें, पण वस्तु एकत्र राहतात. यांखेरीज उलटी तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, ही आपल्या पुढच्या एकाच चिन्हाचा विशेष अर्थ काढून घेते. एवढी तीन साधनें. पण यांच्या मिश्रणानें भलेभले गोंधळतात.

एकेरी चिन्हाची एक अडचण मोठी मार्मिक आहे. लखोट्याच्या आंत एकेरी चिन्ह ठेवण्याची सोयच नाहीं, कारण तें दिसतांच शेल म्हणतें, लखोटा संपला. मग काय करावयाचें? लखोटा बंद करावयाचा, बाहेर येऊन बॅकस्लॅशसह एकेरी चिन्ह लिहावयाचें, आणि पुन्हा नवा लखोटा उघडावयाचा. एका चिन्हासाठीं चार चिन्हें एकापुढें एक! वाचणाऱ्याला तीं कागदावर माशा बसल्यासारखीं दिसतात. आणि चारांपैकीं एखादें गळलें तर पुढील सगळी आज्ञावली आंतबाहेर होते.

आतां चाचणीकडे वळूं. मोठी आज्ञावली लिहिणारे लोक तिच्याबरोबर लहान लहान चाचण्या लिहून ठेवतात. त्यांना टेस्ट स्क्रिप्ट म्हणतात. कोणीं मूळ आज्ञावलींत फेरफार केला कीं या सर्व चाचण्या चालवावयाच्या. सर्व उतरल्या तर फेरफारानें जुनें कांहीं बिघडलेलें नाहीं असें समजावयाचें. सराफाच्या दुकानीं कसोटीचा दगड जें काम करतो तेंच हें. पण कसोटीच खोटी असेल तर?

अवतरणचिन्हांच्या अभावीं कसोटी खोटी होते याचें एक उदाहरण लक्ष्यांत ठेवण्याजोगें आहे. शेलमध्यें ‘हा मजकूर रिकामा नाहीं ना?’ असें विचारण्याची रीत आहे. चौकटी कंसांत आधीं आडव्या रेघेसह ‘एन’ हें अक्षर लिहावयाचें आणि नंतर डबी. समजा, डबी खरोखरच रिकामी आहे आणि तिला अवतरणचिन्हें नाहींत. रिकाम्या डबींतून एकही शब्द बाहेर येत नाहीं. कंसांत उरतें तें एकटें ‘एन’चें चिन्ह. आतां शेलचा दुसरा नियम असा कीं कंसांत एकच शब्द असेल तर तो शब्द रिकामा आहे कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें. ‘एन’चें चिन्ह स्वतः कांहीं रिकामें नाहीं. उत्तर येतें: ठीक आहे! म्हणजे डबी भरलेली असो वा रिकामी असो, चाचणी उत्तीर्णच. जी चाचणी नापास होऊं शकत नाहीं ती चाचणी नव्हे; ती निव्वळ दिलासा देते. दुहेरी चिन्हें घातलीं असतीं तर रिकामा असला तरी एक शब्द जागेवर राहिला असता, आणि उत्तर खरें आलें असतें.

या विषयाचा सर्वांत शिकण्यासारखा अनुभव ‘गिट’ या आज्ञावलीच्या इतिहासांत सांपडतो. आज्ञावलीच्या जुन्या-नव्या प्रती जपून ठेवणारी ही व्यवस्था लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं एप्रिल २००५ मध्यें सुरू केली, आणि त्याच वर्षीं तिचा सांभाळ जुनिओ हमानो यांच्याकडे आला. तिच्या चाचण्या बहुतांशीं शेलमध्यें लिहिलेल्या आहेत. तिच्यांतील प्रत्येक फेरफार आधीं सर्वांसमोर ठेवावा लागतो. जाणते लोक तो ओळ न् ओळ वाचतात, शंका काढतात, आणि मगच तो आंत घेतला जातो. यालाच ‘कोड रिव्ह्यू’ म्हणतात. भारतांतील कित्येक महाविद्यालयीन विद्यार्थी उन्हाळी योजनेसाठीं अर्ज करतांना प्रथम याच चाचण्यांतील एखादी लहानशी साफसफाई करून दाखवितात. त्यामुळें अवतरणचिन्हांची चर्चा त्यांच्या वांट्याला आरंभींच येते.

या मंडळींनीं २००८ सालीं एक मोठी शहाणपणाची गोष्ट केली. प्रत्येक चाचणी एका तात्पुरत्या जागीं चालते आणि मग ती जागा पुसून टाकतात. तिचें नांव पूर्वीं ‘ट्रॅश’ एवढेंच होतें. तें बदलून ‘ट्रॅश डिरेक्टरी’ असें मुद्दाम दोन शब्दांचें केलें. मध्यें मोकळी जागा ठेवली. हेतु असा कीं कोणींही डबीला अवतरणचिन्हें घालण्याचें विसरला तर त्याची चूक लोकांच्या घरीं जाऊन नुकसान होण्याआधीं तेथल्या तेथेंच उघडी पडावी. म्हणजे त्यांनीं आपल्या अंगणांतच एक ‘डोंगरी बुजुर्ग’ वसविलें! अडचण टाळण्यापेक्षां ती रोज समोर येईल अशी तजवीज करणें, यांतच खरी परीक्षकवृत्ति आहे.

त्यांच्या चाचणीची ठेवण अशी: एक मथळा, आणि पुढें चाचणीचा सर्व मजकूर एका एकेरी लखोट्यांत. आंतील डब्या लगेच उघडत नाहींत. चाचणी प्रत्यक्ष चालूं लागते तेव्हांच उघडतात. हें महत्त्वाचें आहे. बाहेरचें आवरण दुहेरी केलें तर डब्या आधींच उघडतात, त्यांतील मजकूर आज्ञांच्या ओळींत मिसळतो, आणि मग सारें पुन्हा एकदां शब्दशः वाचलें जातें. त्या मजकुरांत मोकळी जागा असो, अवतरणचिन्ह असो, तो आतां मजकूर राहत नाहीं, आज्ञेचाच भाग होऊन बसतो. म्हणून नियम असा पडला कीं बाहेर एकेरी, आंत दुहेरी.

परंतु आंत कोठें एकेरी चिन्ह हवेंच असेल, तर मघां सांगितलेली चार चिन्हांची माळ ओवावी लागते. येथें परीक्षण करणारा म्हणतो, ‘हें सोपें करा.’ आणि नवशिक्याला वाटतें, सोपें करावयाचें म्हणजे चिन्हें कमी करावयाचीं! तो डबीभोंवतालचींच दुहेरी चिन्हें काढतो. ओळ सुबक दिसते, त्याच्या स्वतःच्या संगणकावर चालतेही. कारण त्याच्या फाइलींच्या नांवांत मोकळ्या जागा नसतात. वाद होतो तो येथेंच, आणि यांत काय पणाला लागलेलें असतें हें पुष्कळदां दोघांनाही स्पष्ट नसतें.

माझ्या मतें ‘सोपें करणें’ याचे येथें दोन अर्थ आहेत आणि ते वेगळे राखले पाहिजेत. एक, डोळ्यांना सोपें; दुसरा, विचाराला सोपें. चिन्हें गाळल्यानें ओळ डोळ्यांना हलकी होते. पण वाचणाऱ्याला प्रत्येक वेळीं विचार करावा लागतो, कीं या डबींत मोकळी जागा येणें शक्य आहे काय? ती रिकामी असूं शकेल काय? ओझें उतरलें नाहीं. लिहिणाऱ्याच्या हातावरून वाचणाऱ्याच्या डोक्यावर गेलें. उलट, प्रत्येक डबीला डोळे मिटून दुहेरी चिन्हें घालावयाचीं असा रिवाज ठेवला तर चार अक्षरें अधिक पडतात, पण प्रश्न विचारण्याचें कारणच उरत नाहीं.

मग कमी काय करावयाचें? चिन्हें नव्हेत, थर कमी करावयाचे. आंतील एकेरी चिन्हांच्या जागीं दुहेरीनें काम भागत असेल तर दुहेरी घालावें, पुष्कळदां भागतें. एकट्यादुकट्या एकेरी चिन्हाचीच गरज असेल तर तें एका डबींत ठेवून डबी वापरावी. गिटच्या चाचण्यांत यासाठीं तयार डबी ठेवलेलीच आहे. साध्या, एकसंध शब्दाला, ज्यांत डबी नाहीं कीं विशेष चिन्ह नाहीं, उगाच चिन्हें चढवूं नयेत. आणि मजकूर लांब असेल तर तो लखोट्यांत न घालतां खालच्या ओळींवर जसाच्या तसा लिहून, शेवटीं खुणेचा शब्द टाकून संपवावा. शेलमध्यें ही रीत बोर्न यांच्या शेलपासून आहे. चाचणीचा सबंध मजकूरच अशा रीतीनें देण्याची मुभा गिटनें ऑक्टोबर २०२४ मधील २.४७ या आवृत्तींत दिली. बाहेरचा लखोटाच गेला. मग आंत एकेरी चिन्ह येवो कीं दुहेरी, त्याला दाटीवाटी नाहीं. माळ ओवण्याची वेळच येत नाहीं.

आणखी एक ठिकाण असें आहे कीं जेथें परीक्षकाचे डोळे हमखास थांबावे. एका आज्ञावलीला मिळालेले शब्द तिनें दुसरीकडे पोंचवावयाचे असतात. यासाठीं शेलमध्यें डॉलरपुढें ताऱ्याचें चिन्ह लिहितात किंवा ‘ॲट’चें चिन्ह लिहितात. दोन्ही दुहेरी चिन्हांत घातलीं असतां तारा सर्व शब्दांची एकच मोट बांधतो. ‘ॲट’ मात्र प्रत्येक शब्द जसा आला तसा, ज्याच्या त्याच्या शिदोरीसह, पुढें पाठवितो. आणि चिन्हेंच घातलीं नाहींत तर दोन्ही सारखींच नासधूस करतात. तीन पाहुणे आले. त्यांना एका खोलींत कोंबणें नको, आणि एका पाहुण्याचे दोन करणेंही नको. दुहेरी चिन्हांतील ‘ॲट’ हाच पाहुणचार खरा.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांना वाटेल कीं हा सर्व कारागिरांचा घरगुती वाद आहे. आपणांस त्याचें काय? परंतु थोडा विचार करावा. आज शिधापत्रिका, सातबारा, परीक्षेचा निकाल, दवाखान्याची नोंद, हें सारें संगणकांतून जातें. आणि या संगणकांच्या पोटांत फाइली इकडून तिकडे नेण्याचें, जुन्या काढण्याचें, नव्या मोजण्याचें काम पुष्कळ ठिकाणीं शेलच करतें. आपलीं नांवें तर मोकळ्या जागांनीं भरलेलीं आहेत. स्वतःचें नांव, वडिलांचें नांव, आडनांव. त्यांत कोणाचें आडनांवच दोन शब्दांचें. गोव्यांतील आणि वसईकडील आपल्या बांधवांची ‘डिसोझा’, ‘डिसिल्व्हा’ यांसारखीं आडनांवें रोमन लिपींत पुष्कळदां ‘डी’ नंतर एकेरी चिन्ह घालून लिहिलीं जातात. म्हणजे लखोटा फोडणारें चिन्ह त्यांच्या नांवांतच जन्मापासून आहे! ज्या आज्ञावलीला हें नांव पेलत नाहीं, ती बिघडली असें कोणी म्हणत नाहीं. त्या माणसालाच खिडकीवर सांगण्यांत येतें कीं आपलें नांव चालत नाहीं, चिन्ह काढून द्या. चूक यंत्राची आणि प्रायश्चित्त माणसाचें, असा हा न्याय आहे.

म्हणून चाचणी लिहिणाऱ्यानें सोईचीं नांवें घेऊन चाचणी लिहूं नये. ‘राम’ आणि ‘शाम’ यांवर उत्तीर्ण झालेली आज्ञावली आपल्या मुलुखांत उत्तीर्ण झाली असें म्हणतां येत नाहीं. तिच्यापुढें दोन शब्दांचें गांव ठेवावें, एकेरी चिन्हाचें आडनांव ठेवावें, एखादी रिकामी डबीही ठेवावी, आणि मग पाहावें. परीक्षण करणाऱ्यानेंही नुसती ओळ सुंदर आहे कीं नाहीं हें पाहूं नये. या ओळींतून एखाद्याचें नांव अखंड पलीकडे जाईल कीं नाहीं हें पाहावें. तसें जात असेल, आणि ओळ वाचणाऱ्याला दुसऱ्यांदा वाचावी लागत नसेल, तर ती ओळ सोपी झाली असें खुशाल समजावें.